जिन्यावरचे वाटे

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण पारूआत्याचं आहे. मुरबे गावाच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवून, ते डोक्यावरून बाजारात नेऊन तिनं मला बी.एस्सी. केलं. आमच्या घरात त्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. त्या आत्याला मी पालघरच्या एका सोसायटीत गुडघ्यांवर बसून जिना पुसताना पाहिलं. तिच्या शेजारी मीही पुसत होतो.

मी तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत केमिस्ट होतो. बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायचो. आत्याच्या झोपडीत दर पावसाळ्यात समुद्र शिरायचा. तिच्या गुडघ्यांत आता मासळीची भरली पाटी उचलायची ताकद उरली नव्हती. मला घर हवं होतं ते तिच्यासाठी. तळमजल्यावरचं, म्हणजे तिला जिना चढावा लागणार नाही.

पालघरला, बाजारापासून लांब, तशी एक जागा मिळाली. तीन मजली इमारत, पुढं तगरीची झाडं, दुपारी पंख्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. विकणारे गृहस्थ बदली होऊन चालले होते. भला माणूस. सोसायटीनं सभासद करून घेतलं की व्यवहार पुरा होणार होता. सेक्रेटरींनी माझी नोकरी विचारली, शिक्षण विचारलं, चहा दिला. मी त्यांचे तीनतीनदा आभार मानले. मला ती सवयच होती. शाळेत पुढच्या बाकावर बसू दिलं म्हणून आभार, कॉलेजात प्रवेश दिला म्हणून आभार.

रविवारी सकाळी मी आत्याला जागा दाखवायला आणलं. ती नवं लुगडं नेसली होती. बरोबर झाकलेली लहान पाटी. आत मी मालकांशी नळाचं, मोरीचं बोलत होतो. ती म्हणाली, "तुमी बोला. मी जरा जाऊन येते." मला वाटलं, अंगणात बसली असेल.

आमच्याकडं नव्या घरात राहायला जायचं तर आधी शेजाऱ्यांना वाटा द्यायचा. प्रत्येक दाराशी, कुणाला न वगळता. आणि दिला की थांबायचं नाही. थांबलं तर बदल्यात काही मागितल्यासारखं होतं. तिनं तेच केलं. दुखरे गुडघे घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. पळसाच्या पानात बांधलेले सुके बोंबील, निवडून घेतलेले, एकसारखे लांब. एकेका उंबऱ्याशी एकेक पुडी ठेवून खाली आली.

मग वरून ओरडा ऐकू आला.

मी बाहेर धावलो. जिन्यात माणसं जमली होती. पहिल्या मजल्यावरच्या बाई एक पुडी केरसुणीनं ढकलत होत्या. पुडी पायरीपायरीनं खाली आली आणि सुटली.

"ही घाण कोणी टाकली?" सेक्रेटरींनी विचारलं.

आत्या पुढं झाली. "टाकली नाय वो. ठेवलीय. आमी इथं ऱ्हायला येतोय ना, म्हणून तुमचा वाटा."

"दारापलीकडं माझं देवघर आहे!" बाई म्हणाल्या.

वरच्या कठड्यावरून एकजण म्हणाला, "उद्या गच्चीत बोंबील वाळत घाला. आणि खाली स्कूटरच्या जागी होडी लावा."

सगळे हसले. मोठ्यानं नाही. सभ्य माणसं होती.

आत्यानं माझी बाही धरली. हळूच म्हणाली, "पोरा, कमी पडला काय वाटा? पापलेट आणाय पायजे होता?"

मी वाकून सुटलेल्या पुडीतले बोंबील गोळा करू लागलो.

"उचला सगळं," सेक्रेटरी मला म्हणाले. "आणि जिना धुऊन द्या. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला सांगायला हवं का?"

वॉचमननं बादली आणून ठेवली. फिनेल ओतलेलं. आम्ही दारोदार फिरून पुड्या गोळा केल्या. दारं उघडी होती, लोक उभे राहून बघत होते. मी फडकं घेतलं तर आत्यानं ते ओढलं. "तू नको. तू शिकलायस." मी सोडलं नाही. शेवटी तिनं आपल्या पदराची घडी केली, ओली केली आणि पुसायला बसली. नव्या लुगड्याचा पदर.

एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना एवढंच म्हणाली, "घर सोडू नको. मी नाय येत तिथं."

संध्याकाळी सोसायटीची सभा होती. मला बोलावलं होतं, म्हणून तिला घरी सोडून मी परत पालघरला आलो. सतरंजीवर सगळे बसले होते. मी उभा. सेक्रेटरी आता समजुतीनं बोलत होते. "तुमच्याबद्दल कुणाचंच काही नाही. तुम्ही आमच्यातलेच झालात. फक्त सगळ्यांसमोर एकदा सांगा, त्या बाई इथं राहायला येणार नाहीत."

आमच्यातलेच. हा शब्द मिळावा म्हणून मी इतकी वर्षं शर्टाला दोनदा साबण लावत आलो होतो. बोलताना 'हाय'चं 'आहे' करत आलो होतो. नेहमीचे आभार ओठांवर आले. खरंच आले. आणि मला ते बादलीतल्या पाण्यासारखे घाण वाटले.

"ती बाई माझी आत्या आहे," मी म्हणालो. "ती राहणार आहे. घर तिच्यासाठीच घेतोय."

"मग आमचा इलाज नाही."

दुसऱ्या दिवशी मालकांनी हात जोडले. वकिलांनी सांगितलं, कोर्टात जा, पण वर्षं लागतील. पावसाळा तोंडावर होता. माझ्या हातात काहीच नव्हतं. बोईसरच्या खोलीत येऊन मी पत्र लिहिलं. आत्याला वाचता येत नाही. तिची पत्रं आळीतल्या बालवाडीच्या बाई वाचून दाखवतात.

"आत्या,

जागा गेली. तुझ्यामुळे गेली असं मनात आणू नकोस. त्यांनी मला घेतलं होतं, तुला घेतलं नाही. तुला सोडून मी तिथं राहिलो असतो तर तिथं राहणारा मी कोण असतो?

या पावसाळ्यात समुद्र पुन्हा आत येईल. मी काही करू शकत नाही. बोईसरच्या खोलीत ये. दोघांना अडचण होईल, होऊ दे.

पुढची जागा बघायला तू पुढं चालशील, मी मागं. दारातच सांगेन, ही माझी आत्या, मासळी सुकवते, इथं राहणार. मग चहा द्यायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. मी आभार मानणार नाही.

हे पत्र बाईंना आळीत सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचायला सांग. आपण दोघांनी त्यांचा जिना पुसला, लोक उभे राहून बघत होते, हे मी लिहितो आहे. इथं बाई अडखळतील, तुझ्याकडं बघतील. त्यांना थांबू देऊ नकोस."