काळा बिच्छू दारू पीत नव्हता

दशरथ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात स्टोव्हवर सुया उकळत होतो. सेलूच्या ज्या डॉक्टरांकडे मी वीस-बावीस वर्षं कंपाउंडर आहे, त्यांच्याकडे दिवस याच कामानं सुरू होतो. दशरथचा धाकटा भाऊ पायरीवरच थांबला आणि म्हणाला, "देवभाऊ, दादा गेला. नागपूरवरून गाडी निघाली." मी काही बोलायच्या आत बाकावरचा एक पेशंट जांभई देत म्हणतो, "गेला का? जानारच होता. लिव्हर सडलं म्हन्ते. पेत असन लेकाचा." उकळतं पाणी त्या माणसाच्या तोंडावर फेकावंसं वाटलं मला. फेकलं नाही. त्याला इंजेक्शन दिलं. जरा जोरातच दिलं, हे कबूल करतो.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. ‘दशरथ पहिलवान दारूनं गेला’ हे वाक्य सेलूत पानठेल्यापासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळीकडे फिरून आलं आहे. परवा तेरवीनंतर पहिल्यांदाच त्याच्या मुलीला पाहायला हिंगणघाटकडचे पाहुणे आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि निघताना त्यांच्यातल्या एकानं दाराबाहेर मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलीचा बाप लय पेत होता म्हन्ते, खरं का?" पोहे खाऊन विचारलं! त्यांचा निरोप अजून आलेला नाही. म्हणून मी हे लिहायला बसलो. दशरथनं आयुष्यात दारूच्या थेंबाला तोंड लावलं नाही. मग त्याचं लिव्हर कशानं गेलं, हे सांगू शकेल असा सेलूत एकच माणूस आहे, आणि तो मी आहे. सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

आधी त्या श्रद्धांजली सभेबद्दल. मला अजून शिसारी येते. ज्या आखाड्यातून दशरथला एके काळी हाकललं होतं, त्याच आखाड्यात सतरंजी टाकली होती. मधे खुर्चीवर फोटो, फोटोला झेंडूचा हार. फोटोत माणूस कोण? तर डोक्यापासून गळ्यापर्यंत काळा नकाब घातलेला, डोळ्यांना दोन भोकं असलेला एक धिप्पाड गडी! पहिलवान म्हणून दशरथचा दुसरा फोटोच कुणाकडे नव्हता. तो जाहिरातीच्या कागदावरून कापून मोठा केलेला. सगळे त्या भोकांना हात जोडत होते. मग भाषणं. एक म्हणाला, दशरथरावांनी परदेशात जाऊन गोऱ्या पहिलवानांना लोळवलं. दशरथनं परदेश तर सोडाच, समुद्रही पाहिला नव्हता. दुसरा म्हणाला, त्यांनी जिल्ह्याचं नाव जगात केलं. आणि हेच दोघं सभा सुटल्यावर चपला शोधता शोधता, "पेनं सोडलं असतं तर जगला असता बिचारा," असं बोलत होते. मला बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो, "माझा मित्र होता," म्हणालो आणि बसलो. त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त किळस माझी आली.

आम्ही दोघं एकाच वेळी त्या आखाड्यात गेलो. मी दोन महिन्यांत पळालो, दशरथ राहिला. सखाराम वस्ताद म्हणजे कडक माणूस. पोरगा पक्का झाला की स्वतःच्या हातानं त्याला लंगोट बांधायचे आणि आखाड्यातली माती हातात देऊन वदवून घ्यायचे, दारूला शिवणार नाही. दशरथनं ती शपथ घेतली तेव्हा मी कठड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होतो. पुढे आजूबाजूच्या गावांतल्या कुस्त्यांच्या दंगलींमध्ये त्यानं चांगल्या जोड्या मारल्या. समोरचा कितीही मोठा असो, आधी वाकून मातीला हात, हात कपाळाला, मग मांडीवर असा शड्डू ठोकायचा की म्हाताऱ्यांच्या मानाही वळायच्या.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वर्ध्यात फ्री स्टाइल कुस्तीवाल्यांची कंपनी आली. भोंग्याचा टांगा गावोगाव फिरला. कंपनीच्या मॅनेजरला एक दांडगा गडी कमी पडत होता. कुणीतरी दशरथचं नाव सांगितलं. मॅनेजरनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बोलायचं नाही अशी ताकीद दिली आणि आठवड्याभरात आमचा दशरथ ‘मंगोलिया का काला बिच्छू’ झाला. नकाब त्याच्या बायकोनं, सिंधूवहिनींनी शिवला, जुन्या छत्रीच्या कापडाचा. दशरथ मला म्हणाला, "देवा, मले फक्त गुरगुराचं हाय बे. मंगोलियात असेच बोलत असतीन."

त्या धंद्यातल्या गोष्टी मला त्याच्याकडूनच कळल्या. लोकांना त्या आजही ठाऊक नाहीत. कोण जिंकणार ते दुपारी लॉजवर जेवताना ठरायचं. रिंगच्या खाली पोकळ फळ्या असायच्या, त्यामुळे माणूस आपटला की लागायचं कमी आणि वाजायचं जास्त. बुक्की मारताना आवाज बुक्कीचा नसतो, मारणारा त्याच वेळी पाय आपटतो. एकच नकाबवाला एका दिवशी दोन गावांत लढल्याची जाहिरात असली तर लोक थक्क व्हायचे. नकाब दोन असायचे, आत माणसं दोन! आणि एकानं दुसऱ्याला आपटल्यावर पडलेला माणूस दुसऱ्याचा हात हळूच दोनदा दाबायचा. दोनदा म्हणजे, मी ठीक आहे, पुढं चालू दे. हे ऐकून मी पोट धरून हसलो होतो.

हसू रक्तापाशी थांबलं. एका सकाळी दशरथ दवाखान्यात आला तो कपाळ फाटलेलं. डॉक्टर यायचे होते. मी टाके घातले. "कोन्या कसायानं कापलं बे?" मी विचारलं. तो हसत म्हणाला, "मीच." फ्री स्टाइलमध्ये रक्त निघाल्याशिवाय लोक खूष होत नाहीत. म्हणून बोटाच्या चिकटपट्टीत ब्लेडचा तुकडा लपवायचा, समोरच्यानं डोकं खांबावर आपटल्याचं सोंग केलं की तोंड झाकून पडायचं, नकाब जरा वर सारायचा आणि आपणच आपलं कपाळ चिरायचं. कपाळाचं रक्त लवकर थांबत नाही, घामात मिसळून छातीपर्यंत येतं, आणि जखम चार दिवसांत मिटते. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. त्यानं वापरलेला तुकडा दाढीच्या गंजक्या ब्लेडचा होता.

त्या वेळी एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? त्याला हाताला धरून वस्तादांकडे नेलं असतं. मी काय केलं? मी कपाट उघडलं, ऑपरेशनचं बारीक पातं काढलं, कात्रीनं त्याचं टोक तोडून दिलं. भुवईच्या वर किती बोटांवर लावायचं, किती खोल जाऊ द्यायचं, आरशासमोर उभं करून दाखवलं. वर अॅस्प्रिनच्या दोन गोळ्या दिल्या, कुस्तीआधी घे म्हटलं, रक्त पातळ वाहतं. वा रे कंपाउंडर! याच्या बदल्यात मला मिळाला पहिल्या रांगेतल्या खुर्चीचा पास. मी इस्त्रीचा शर्ट घालून तिथं जाऊन बसलो आणि माझ्या मित्राचं रक्त वाहिलं तेव्हा इतरांसोबत टाळ्या वाजवल्या.

त्याच वर्ध्याच्या मैदानावर, कंपनी दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा आली तेव्हा, घोटाळा झाला. सखाराम वस्ताद कधी असला तमाशा पाहायला जात नसत. पण मंगोलियाचा पहिलवान आला म्हटल्यावर, तिकडचे लोक कसे डाव टाकतात ते पाहू, म्हणून म्हातारा धोतर नेसून आला आणि माझ्या मागच्या रांगेत बसला. काळा बिच्छू गुरगुरत रिंगमध्ये चढला. लोकांनी शिट्या मारल्या. घंटा झाली... आणि मंगोलियाचा तो बिच्छू वाकला, ताडपत्रीला हात लावला, हात कपाळाला नेला आणि मांडीवर शड्डू ठोकला! सवय हो, दुसरं काय. मैदानात एक क्षण कुणालाच काही समजलं नाही. मग सेलूच्या लोकांकडून आवाज आला, "अबे हा त दसऱ्या हाय!" हशा पिकला. मॅनेजर खाली उभा राहून शिव्या देत होता. मी मागे वळून पाहिलं. वस्ताद हसत नव्हते. दशरथ ठरल्याप्रमाणे आपटला गेला, ठरल्याप्रमाणे कपाळ चिरलं, आणि वस्ताद उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दशरथ आखाड्यात गेला तर वस्तादांनी त्याला मातीच्या बाहेरच थांबवलं. ओरडले नाहीत. "मातीत हारला असता त मी तुले खांद्यावर घेऊन फिरलो असतो," म्हणाले. "तू ठरवून हारला. आता इथं येजो नोको." दशरथनं विनवलं, "वस्ताद, शपथ तरी माही राहू द्या." म्हातारा पाठ फिरवून मातीकडे गेला. पण दशरथनं ती शपथ राहू दिलीच. कंपनीसोबत सात-आठ वर्षं गावोगाव हिंडला. कुस्ती संपली की सगळे पहिलवान प्यायला बसायचे, हा लॉजच्या पायरीवर दुधाचा गिलास घेऊन बसायचा. त्याची टिंगल व्हायची. ज्या आखाड्याचं दार बंद झालं होतं, त्या आखाड्याची शपथ हा माणूस पाळत होता! आणि वस्ताद गेल्यावर तर, ती घेताना पाहणारा मी सोडून कुणी उरलाच नाही.

कंपनी मोडल्यावर तो गावी आला आणि घरच्या वावरात राबू लागला. मग व्हिडिओ आला. वर्ध्याला बसस्टँडजवळच्या एका हॉलमध्ये अमेरिकेच्या कुस्त्यांच्या कॅसेटी लागायच्या. आम्ही दोघं एका दुपारी गेलो. सगळा हॉल श्वास रोखून बसलेला आणि दशरथ माझ्या कानात, "पाय, आता थो तोंड झाकून पडन... पडला का? आता कपाळाले हात... निंघालं का रक्त? पाय, पाय, त्यानं हात दाबला!" तो लहान मुलासारखा खूष होता. अमेरिकेतले लोकही आपल्यासारखंच करतात, याचा त्याला कोण आनंद. बाहेर येऊन रसवंतीवर बसलो तेव्हा तो सहज म्हणाला, "पन तुह्या पात्याची सर नाई कोनाले. लय नामी होतं. आमी सारे तेच वापराचो."

"सारे म्हंजे?"

"सारे म्हंजे चार-पाच जन. एकाचं झालं का पट्टी काढून दुसऱ्याले द्याचं. गंजतच नव्हतं बे थे!"

मी हसलो. हो, हसलो. माझ्या पात्याची तारीफ झाली म्हणून. त्यातल्या एकाला कावीळ होऊन तो गेला होता, हेही दशरथनं त्याच बाकावर सांगितलं. मी उसाचा रस प्यालो आणि दुसरा गिलास मागवला.

गेल्या वर्षी दशरथचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. नागपूरला नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षांपासून पिता?" दशरथ म्हणाला, "पेत नाई साहेब." डॉक्टर हसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दर वेळी नवा डॉक्टर, तोच प्रश्न, तेच हसू. शेवटी एकदा दशरथ मला म्हणाला, "देवा, तू तरी सांग ना त्याईले. मी सांगतो त कोनी मानतच नाई." मी म्हटलं, सांगतो. त्या डॉक्टरच्या टेबलापर्यंत गेलोही... पण मला सांगावं लागलं असतं ते नुसतं ‘पीत नाही’ एवढंच नव्हतं. मी औषधाचा कागद घेऊन परत आलो. शेवटच्या भेटीत त्याला बोलवत नव्हतं. मी हात हातात घेतला तर त्यानं तो हळूच दाबला. दोनदा. मी हात सोडवून घेतला आणि बाहेर जाऊन नळाखाली धुतला. का धुतला, मला आजही सांगता येत नाही.

सेलूला आल्यावर मी आमच्या डॉक्टरांना सगळं सांगून विचारलं. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "देवराव, होऊ शकतं. एकाची कावीळ सुईतून दुसऱ्याला जाते, म्हणून तर मी तुला रोज उकळायला लावतो." खात्रीनं ते सांगत नाहीत. मला खात्री आहे.

हा लेख पेपरला पाठवण्याआधी मी सिंधूवहिनींना वाचून दाखवला. त्यांच्या परवानगीशिवाय छापायचा नव्हता. त्या ऐकत होत्या, मधे एकदा उठून मुलीला पाणी आणायला बाहेर पाठवलं. वाचून झाल्यावर ट्रंकेतून तो नकाब काढला, उलटा केला. आतून कपाळाच्या जागी तपकिरी, कडक झालेला डाग होता. "कितीकदा धुतला," म्हणाल्या, "निंघतच नाई." मला वाटलं त्या आता रडतील, नाहीतर मला घराबाहेर काढतील. तसं काही झालं नाही. त्यांनी नकाबाची घडी घातली. "छापा," म्हणाल्या. "पोरीच्या बापाले कोनी बेवडा म्हनू नोये." मग कपड्याबद्दल विचारावं तशा साध्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, तुमी त रोजच्या रोज सुया उकळता. मंग त्याईले काऊन नाई सांगितलं, थे पातं उकळून घेत जा म्हनून?"

मला हे वीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. दवाखान्याच्या सुया वेगळ्या आणि तमाशातलं पातं वेगळं, असंच माझ्या डोक्यात होतं.

आता सकाळी स्टोव्ह पेटवतो, डब्यात सुया टाकतो, पाणी खदखदायला लागतं. डॉक्टर आतून म्हणतात, "देवराव, पुरे झालं, बंद कर." मला ऐकू येतं. पण पाणी आटून तळाला लागेपर्यंत माझा हात स्टोव्हच्या चावीकडे जात नाही.