हळदीच्या पाकिटातली पुडी

वहिनींची हळद ऑनलाइन विकायची ही कल्पना माझी, त्यामुळे तिच्यापायी झालेला सगळा मनस्तापही माझ्याच वाट्याला आला. मी हिंगोलीत एका शाळेत कारकून आहे, वहिनी शिरड शहापूरला राहतात. माझा भाऊ अचानक गेला तेव्हा शेतात हळद उभी होती. वहिनींनी ती काढली, शिजवली, वाळवली आणि पुढच्या हंगामात परत लावली. हळकुंडं पोत्यानं विकण्यापेक्षा दळून पाकिटं करू, असं मी सुचवलं आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारात त्यांचं दुकान उघडून दिलं. तेव्हापासून दर रविवारी मी एसटीनं गावी जातो आणि आम्ही ओसरीवर बसून आठवड्याचं ‘मोबाईलचं काम’ उरकतो.

वहिनी दळायला गेल्या की गिरणीवाल्याचं काही खरं नसतं. आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची आत राहिली असेल म्हणून सुरुवातीची पसाभर हळद त्या बाजूला काढायला लावतात. तो बिचारा कुरकुरतो, “काकी, एवढं कोण पाहतंय?”

“मी पाहून राहिले ना,” वहिनी म्हणतात आणि विषय संपतो.

घरी आल्यावर पाकिटं भरायची. पाकिटात हळद भरून झाली की तिच्यावर कागदाची एक इवलीशी पुडी ठेवायची. त्या पुडीत कुंकू. नरसीला देवळाजवळच्या दुकानातून वहिनी ते आणतात. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “वहिनी, हे आणखी काय?”

“हळद एकटी देत न्हाईत, भाऊजी. संगं कुंकू लागतंच.”

मला गंमत वाटली. गिऱ्हाइकांना तर ते फारच आवडलं. एकीनं लिहिलं होतं, पाकीट उघडलं, वर कुंकवाची पुडी दिसली आणि माहेरची आठवण आली. अभिप्राय मी मोठ्यानं वाचायचा असा आमच्याकडे नियम आहे. वहिनींना वाचता येतं, पण त्यांना ऐकायचं असतं. माहेरवाला अभिप्राय ऐकून त्यांनी मला दुसऱ्यांदा चहा दिला. त्यांच्याकडे दुसरा चहा मिळणं सोपं नाही.

आणि मग एका रविवारी मी मोबाईल उघडला तर समोर एकच तारा. खाली लिहिलेलं, “हळदीत लाल रंगाची भेसळ आहे. कोणीही घेऊ नका.” सोबत फोटो. पिवळ्या हळदीत लालभडक डाग.

माझं डोकंच फिरलं. मिरचीच्या कणासाठी गिरणीवाल्याशी भांडणाऱ्या माझ्या वहिनीला कोणी भेसळ करणारी म्हणावं? मी तिथल्या तिथं उत्तर लिहायला घेतलं. भेसळ पाहायची असेल तर आधी आपल्या शहरातलं दूध पाहा, अशी सुरुवात होती आणि पुढं ते आणखी रंगत गेलं होतं.

“वाचून दाखवा,” वहिनी म्हणाल्या. मी मोठ्या जोशात वाचलं.

“छान लिहिलं. आता पुसा.”

त्यांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ पाहिला. “हे तर आपलं नरसीचं कुंकू हाय. पुडी फुटली.”

माझा जीव भांड्यात पडला. “मग आपली काय चूक? पार्सल आपटणाऱ्यांची चूक!”

“पुडी कोणी बांधली?”

“तुम्ही.”

“आत कोणी ठेवली?”

“तुम्हीच.”

“मंग त्या पार्सलवाल्यांना काहून बोलून राहिले? कुंकू काय खायची चीज हाय? तिच्या घरी लेकरंबाळं असतील. वरणात पडलं असतं तर?”

तरी मला शहाणपणा सोडवत नव्हता. म्हटलं, तिला खाजगीत कळवू, उगाच सगळ्यांना कशाला दिसायला हवं. वहिनींनी साफ नकार दिला. बाई चारचौघांत बोलली, तिचं म्हणणं खरं आहे, तर माफीही चारचौघांतच मागायची. मी मान डोलावली आणि अगदी सहज म्हणून गेलो, “बरं. आणि आजपासून कुंकू बंद. झंझटच नको.”

वहिनींनी समोरचं सूप ओढलं आणि निवडलेलीच हळकुंडं परत निवडायला लागल्या. मी दोनदा हाक मारली तेव्हा कुठं मान वर केली.

“इथं माझ्या हातचं कुंकू कोण लावून घेतं, भाऊजी?”

गल्लीतल्या बायका वाईट नाहीत. भाजी निवडायला त्या वहिनींच्याच ओसरीवर येतात, भाऊ गेला तेव्हा महिनाभर त्यांनीच घर सांभाळलं. पण संक्रांत आली की हळदीकुंकवाला त्या याच दारावरून पुढच्या घरी जातात. घरोघरच्या फोडणीत वहिनींची हळद असते आणि त्या दिवशी त्यांना बोलावणं नसतं. हे मी दरवर्षी पाहत होतो. त्या पुडीशी त्याचा संबंध जोडण्याची अक्कल मात्र मला झाली नव्हती.

“पार्सलातलं घेतात,” वहिनी म्हणाल्या. “माहेर आठवलं म्हणतात.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पन त्यांना तरी कुठं माहीत हाय? पाकिटात काय हाय ते गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, असं तुमीच म्हणले होते ना?”

“वहिनी, ते हळदीबद्दल म्हटलं होतं. हे कोणी विचारलं का तुम्हाला?”

“विचारलं न्हाई म्हणून तर सांगायचं.”

मी परोपरीनं समजावलं. अहो, हे कोणी लिहितं का? लोक हसतील, नाहीतर घ्यायचंच बंद करतील. वहिनी ऐकायला तयार नव्हत्या. त्या सांगत गेल्या आणि मी त्यांचं बोलणं जरा शहरी करून लिहीत गेलो.

“हळदीत भेसळ नाही. वर ठेवलेली कुंकवाची पुडी फुटली. पण चूक माझी आहे, खाण्याच्या वस्तूत कुंकू ठेवायला नको होतं. ते पाकीट टाकून द्या, मी दुसरं पाठवते. त्यात कुंकू नसेल. माझे मालक वारले आहेत. माझ्या हातचं कुंकू तुम्हाला चालेल का, हे मी विचारायला हवं होतं.”

शेवटच्या दोन वाक्यांना माझं बोट चालेना. जगात एवढ्या एकाच ठिकाणी त्यांचं कुंकू कोणी परत केलं नव्हतं आणि तेही त्या आपल्या हातानं घालवायला निघाल्या होत्या. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल इतकी मायाही दाटून आली की मी मोबाईलमधून मान वर काढली नाही.

“दाबा,” वहिनी म्हणाल्या. मी दाबलं.

पुढचे काही रविवार पाकिटं नुसत्या हळदीचीच गेली. वहिनी दुसरीकडं पाहत विचारायच्या, “काही आलं का?” मी नाही म्हणायचो, मग आम्ही पिशव्या मोजायला लागायचो.

मग एकदा आलं. त्याच बाईंनी आपल्या जुन्या अभिप्रायाखाली भर घातली होती. मी वाचलं, “दुसरं पाकीट मिळालं. हळद उत्तम आहे. यात कुंकू आलं नाही. नवीन ऑर्डर केली आहे, तिच्यासोबत वेगळ्या पिशवीत घालून जरूर पाठवा.”

तारा मात्र एकचा एकच होता. मी लगेच चिडलो. एवढं गोड लिहिता येतं, मग तारे वाढवायला काय तकलीफ होती?

“राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “तो तारा फुटल्या पुडीचा हाय. बराबर हाय.” मग त्यांनी मोबाईलकडं बोट केलं. “ते कुंकवाचं परत वाचा.”

मी परत वाचलं.

वहिनी उठल्या. हात धुतले, पदराला कोरडे केले आणि कुंकू आणायला आत गेल्या.