चौकातलं जाड अक्षर

कुपवाड रस्त्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि मला एका अक्षराचा, म्हणजे फॉन्टचा, मनापासून तिटकारा आहे. मूळचं ते इंग्रजी, आता त्याची मराठी भावंडंही निघालीत. सगळ्या रेषा सारख्याच जाड, नाजूक वळण कुठे औषधालाही नाही, आणि प्रत्येक टोकाला विटेसारखा चौकोनी ठोकळा. लांबून वाचता यावं म्हणून घडवलेलं अक्षर. पेट्यांवर, पोत्यांवर, ओतीव लोखंडाच्या पंपावर ते शोभतं, कारण तिथे त्याला काही काम असतं. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, काळ्या लष्करी ट्रंकेवर त्यांचं नाव याच अक्षरात आहे. कोरेगावहून सांगलीला आलो तेव्हा पुष्कळ सामान टाकून दिलं, ट्रंक नाही.

माझ्या गिऱ्हाइकांना मात्र ते वाढदिवसाला हवं असतं. ज्यानं जन्मात घरचा गळका नळ दुरुस्त केला नाही, त्याच्या नावाला हे ठोकळे लावायचे, वर सोनेरी रंग फासायचा, मागे वाघ उभा करायचा आणि पुढे गॉगल लावलेली उत्सवमूर्ती. तरी समाधान नाही. "ताई, लय बारीक वाटतंय, आजून जाड करा की!" आणखी जाड केलं की अक्षरांची पोटं बुजतात, मात्रा एकमेकींच्या अंगावर बसतात. पण सांगणार कुणाला? तेच अक्षर बारशाला, तेच उद्घाटनाला, आणि कहर म्हणजे श्रद्धांजलीलाही. मेलेल्या माणसावर ओरडायचं कशाला, असं मी एकदा विचारलं. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं.

आप्पांची नजर मधोमध पुसट होत चालली होती. आहे तेवढी टिकली तरी खूप, असं डॉक्टर म्हणाले. आधी पेपर सुटला, मग एसटीच्या पाट्या. उरलं ते चौकातल्या फ्लेक्सवरचं जाड अक्षर. रोज सकाळी माझा हात धरून दुकानाकडे येताना ते तिथे थांबत आणि खड्या आवाजात वाचत, "युवकांचे आशास्थान!" मागोमाग शुभेच्छुकांची सगळी नावं. मी लाजेनं भलतीकडे बघायची. त्यांचा चेहरा मात्र परीक्षेत पास झाल्यासारखा.

"दिसतंय गं आजून," म्हणायचे.

मग कुणी न मागताच मी अक्षर जाड करायला लागले. गिऱ्हाइकं खूश झाली. मला अक्कल आली असं त्या मूर्खांना वाटलं.

परवा चौकात नवा फ्लेक्स लागला, माझ्याच हातचा. एवढं जाड अक्षर मी कधी लावलं नव्हतं. दुचाकीवरून कारखान्याला निघालेली माणसंसुद्धा मान वळवून बघत होती. आप्पा नेहमीच्या जागी थांबले. मान तिरकी केली, कपाळावर हात धरला.

"आज बोर्ड काढला व्हय गं?"

समोर वाघ होता, गॉगल होता, हातभर उंचीची अक्षरं होती.

"न्हाई आप्पा, हाय की," मी म्हणाले, आणि भर चौकात मोठ्यानं वाचायला लागले. त्या भंपक मजकुरातला एक शब्द गाळला नाही. शुभेच्छुकांची नावंही सगळी वाचली.