बॅटरी बदलणारी बाई

तिचं नाव मी विचारलं नाही. हेवा वाटत असला की माणूस नाव विचारत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुलाचा लॅपटॉप रोज चुकीची तारीख दाखवू लागला, म्हणून आम्ही तासगावहून सांगलीला गेलो. घरी तो मला त्यावरची धूळही पुसू देत नसे. दुरुस्तीच्या दुकानात मात्र त्याने तो एका परक्या बाईच्या हातात दिला आणि निवांत चहा पीत बसला.

बाई तिशीतली. तिने हिरव्या बांगड्या काढून डब्याच्या झाकणात ठेवल्या. मग एकेक स्क्रू काढून कागदावर ओळीने चिकटवला. माझी चौथी झाली आणि हातात फुंकणी आली. हिच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

मी मुद्दाम टोचलं, "सवाष्णीनं हात मोकळं ठिवू नयेत गं."

"आवं मावशी, सासूबाईबी हेच म्हणत्यात," ती मान वर न करता म्हणाली. "पर बांगडी आत घासली तर मशीन मरंल. नवरा न्हाई मरत."

मला हसू आलं, ते मी दाबलं.

आत तारीख सांभाळणारी नाण्याएवढी बॅटरी होती. "मावशी, ह्यो दिवा वाकवून धरा."

"आई, तू नको!" मुलगा म्हणाला.

"धरू द्या की. त्यांचा हात थरथरत न्हाई."

मी दिवा धरला. तिने नवी बॅटरी बसवली आणि तारीख लावली. बंद करून पुन्हा चालू केलं, तारीख बरोबर आली.

परतताना एसटीत लॅपटॉपची पिशवी मी मांडीवर घेतली. मुलाने दोनदा मागितली. तासगाव येईपर्यंत मी दिली नाही.