केबिनचं वजन

शेडचं दार उघडलं आणि वाऱ्याने ऑटोगायरोची वरची पाती संथ फिरू लागली. त्या पात्यांना इंजिन लागत नाही, वारा पुरतो. सुरुवातीला वैमानिक अशा विमानात उघड्यावरच बसत; केबिन नंतर आली. माझ्या यजमानांनी हे घरी बांधायला घेतलं तेव्हा मीच बजावलं होतं, "उघड्यावर मी बसायची नाही हं." त्यांनी दार, काचा, दुसरी खुर्ची बसवली. विमान जड झालं, नुसतंच धावलं, उडालं नाही. आपली सोय दुसऱ्याला किती जड होते, हे विचारायचं मला सुचलं नाही. वजन घटवण्यात वर्षं गेली, मग त्यांची दृष्टीच गेली.

आज म्हटलं, "अहो, केबिन काढून टाकू. मी खालून बघेन."

"आणि चालवणार कोण?" ते म्हणाले.