एक आकडा कमी

हवालदार कंधारे माणसाकडे पायापासून वर बघत. भूगावात त्यांच्या बंगल्याचा वरचा मजला भाड्यानं घ्यायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा नोकरी कुठे, मूळ गाव कुठलं, घरात माणसं किती याची उत्तरं मनात घोकून ठेवली होती. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या बुटांकडे बघत म्हणाले, "साहेब, डावा पाय सरकतोय तुमचा. बूट आर्धा नंबर मोठा घेतलाय." दुकानात तर बरोबर वाटला होता, असं मी म्हणालो. "दुकानात समदंच बरोबर वाटतंय," असं म्हणून त्यांनी वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली. बाकीचं त्यांच्या बायकोशी, काकूंशी, बोलून घ्या म्हणाले. बूट खरंच मोठा होता, आणि हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

त्यांचं घराणं मुळशीतलंच, शेतकऱ्याचं. भूगावातल्या शेतावर आता सात मजली इमारती उभ्या होत्या, आणि पौडच्या पुढे धाकट्या भावाकडे थोडं भाताचं रान राहिलं होतं. हवालदार बावीस वर्षं फौजेत होते. हे कळल्यावर लोक हमखास लढाईचं विचारत. "मी गोळी न्हाई झाडली," हवालदार सांगत. "मी बूट दिलं." उत्तरेत एका बर्फाळ ठाण्यावर जवानांना स्की शिकवत, तिथल्या सामानाच्या कोठाराचे ते हवालदार. येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाचं माप घ्यायचं, बूट द्यायचा, स्की द्यायची आणि बूट स्कीवर पकडून ठेवणारं बाइंडिंग बसवून द्यायचं, हे त्यांचं काम. माझ्या मुलीनं, सानिकानं, एकदा त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही किती जोरात जायचा?"

"मी कशाला जातोय? मी एकदाबी न्हाई घसरलो."

"बावीस वर्षांत एकदाही नाही?"

"मला कोण बसवून देणार? तितं मापाचा माणूस मी एकलाच."

यात त्यांना गंमत वाटत नव्हती आणि खंतही नव्हती. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला त्यांचा चेहरा आधी आठवत नाही, हे वाक्य आठवतं.

सानिकाचं स्कीचं वेड शाळेच्या एका हिवाळी शिबिरातलं. अकरा वर्षांची असताना ती हिमालयात दहा दिवस गेली, आणि परत आली ती मुळशीच्या प्रत्येक उताराकडे हिशेबी नजरेनं बघायला लागली. लवळ्याच्या टेकडीवर बर्फ का पडत नाही, याचा तिला मनापासून राग यायचा. आम्ही परभणीकडचे, आमच्या सात पिढ्यांत बर्फ फक्त उसाच्या रसात पडला होता. तरी दर हिवाळ्यात तिला पाठवत गेलो. तिथे भाड्यानं मिळणाऱ्या लहान मुलांच्या स्कीवर तिचं भागत होतं. चौदाव्या वर्षी ती एकदम वीतभर वाढली आणि तिच्या प्रशिक्षकांचा फोन आला. लहान मुलांची स्की आता तिच्या वजनाखाली वाकते, वळणावर थरथरते, म्हणाले. जानेवारीत राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड होती. चार मुली घेणार होते आणि सानिका त्या चारांत बसेल असं त्यांना वाटत होतं. पण तिची स्वतःची, मोठ्या माणसांची स्की हवी.

मी आयटीतला माणूस. दोन रात्रींत तक्ता तयार केला: लांबी, रुंदी, कडकपणा, सगळं रकान्यांत. ऑफिसमधला एक सहकारी दिवाळीला जर्मनीहून येणार होता आणि वापरलेलं सामान आणायला तयार होता. मी एकशे सत्तर सेंटिमीटरची जोडी निवडली, आणि बूट दोन नंबर मोठे. पोर वाढत्या वयाची. निदान चार हिवाळे तरी निघायला हवेत. आमच्याकडे सगळं असंच घेतात. माझा पहिलीतला गणवेश मी तिसरीत असताना मला बरोबर बसला होता. तो तक्ता मी कौतुकानं हवालदारांना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. मग म्हणाले, "वाढत्या मापाचं शाळंच्या कपड्याला, साहेब. बुटाला न्हाई. पाय आत हलला की पोरगी एकीकडं आन् स्की दुसरीकडं. आन् लांबी? ही स्की पोरीला न्हेईल, पोरगी स्कीला न्हाई न्हेणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सानिकाला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. सकाळी माप घेत नसत. दिवसभर चालून पाय भरला की मगच. तिला अनवाणी भिंतीला उभी करून हनुवटीपाशी आणि नाकापाशी खडूच्या रेघा ओढल्या. स्कीचं टोक या दोन रेघांच्या मधे यायला हवं. मग एका पायावर उभं केलं, खाली बसवलं, पायरीवरून उडी मारायला लावली, आणि उडी संपताना गुडघा आत वळतो की सरळ राहतो ते उकिडवं बसून पाहिलं. वजन विचारल्यावर सानिकानं पंचेचाळीस सांगितलं. हवालदारांनी भावाकडचा भात मोजायचा मोठा काटा आणून ठेवला होता. तिला त्यावर चढवलं. अठ्ठेचाळीस भरलं. "पायाला खोटं बोलता येत न्हाई, पोरी," एवढंच म्हणाले. सानिका कानापर्यंत लाल झाली आणि मी उगाच मोबाइलमध्ये बघितलं.

दिवाळीत त्यांच्या मापाची जोडी आली, एकशे बावन्नची. बुटाचं आतलं अस्तर काढून त्यांनी सानिकाला नुसत्या टणक कवचात पाय घालायला लावला, आणि टाचेमागे स्वतःचं एक बोट सरकवून बघितलं. एक बोट गेलं, दुसरं गेलं नाही. "बसला," म्हणाले. इतक्या वर्षांत ते एवढे खूश झालेले मी पाहिले नव्हते.

राहिलं बाइंडिंग. त्याला पुढे आणि मागे एकेक स्क्रू असतो आणि शेजारी छोट्या खिडकीत आकडा दिसतो. आकडा वाढवला की पकड घट्ट होते, कमी केला की सैल. माणूस पडला की बाइंडिंगनं बूट सोडून द्यायचा असतो. नाही सोडला तर लांब स्की पायाला पिळून काढते. वजन, उंची, बुटाची लांबी आणि कसब यांवरून आकडा ठरवायचा छापील तक्ता हवालदारांकडे होता, प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलेला. त्यांनी तो काढला, बघितला, परत ठेवला आणि आम्हाला वर चहाला पाठवलं. आम्ही उतरलो तेव्हा काम झालं होतं. खिडक्यांवर काळी चिकटपट्टी होती. "पाणी जाया नको आत," म्हणाले. जुन्या फौजी माणसाचं काम, कोण शंका घेणार? तिच्या प्रशिक्षकांनीही घेतली नाही.

जानेवारीत निवड झाली. पहिल्या फेरीत सानिका तिसरी होती. दुसऱ्या फेरीत एका उंचवट्यावर तिचा तोल गेला नव्हता, ती पडली नव्हती; तरी डावी स्की पायातून निघाली, आणि स्की निघाली म्हणून ती पडली. अंगाला ओरखडाही नाही. संघाच्या चारांत तिचं नाव नव्हतं. दुपारी तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, हे मला जास्त लागलं. मी खाली जाऊन हवालदारांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाय?"

"पायाला काही नाही."

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि अंगणातल्या नळाला पाइप लावायला गेले. मला त्यांचा भयंकर राग आला.

घरी आल्यावर सानिकानं पहिली गोष्ट केली ती चिकटपट्टी सोलून काढली. खिडकीत साडेतीन होते. तिनं तोवर प्रशिक्षकांकडचा तक्ता पाहिला होता; तिच्या वजनाला आणि तिच्या कसबाला साडेचार लागत होते. स्की खांद्यावर टाकून ती खाली गेली. मी मागोमाग गेलो.

"आजोबा, हा आकडा कुणी लावला?"

"मी."

"चुकून?"

"न्हाई."

काकू आतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. हवालदार ओट्यावर बसले. कोठारात असताना एक तरुण लान्स नाईक त्यांच्याकडे आला होता, त्याचं त्यांनी सांगितलं. शर्यतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. स्की सारखी निघते, एक आकडा वाढवून द्या म्हणून त्यानं हात जोडले. नियम मोडून यांनी वाढवून दिला. शर्यतीत तो पडला आणि स्की निघाली नाही. "गुडघ्याच्या खाली पाय फिरला त्याचा. बुटाचं टोक मागं बघत हुतं. घरला लावून दिला त्याला. कंच्या कागदावर माझं नाव आलं न्हाई, त्यानंबी घेतलं न्हाई." मग म्हणाले, "तवापासून मी समद्यांना एक कमीच लावतुया."

"मला विचारलं का नाही?" सानिका म्हणाली.

हवालदार तिच्या पायांकडे बघत राहिले.

"तो त्याचा पाय होता, आजोबा. हा माझा आहे."

ती वर निघून गेली. मी तिथेच उभा राहिलो. त्यांची कीव करावी की त्यांना फैलावर घ्यावं, हे मला ठरवता येईना. माझ्या मुलीचा पाय शाबूत होता आणि तिचं एक वर्ष गेलं होतं, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातून झालं होतं. "तिला सांगा, पुन्यांदा बी मी तेच करीन," ते म्हणाले. मी ते तिला सांगितलं नाही.

त्यानंतर दहा महिने सानिका त्यांच्याशी बोलली नाही. जिन्यात भेटली तर बाजूला सरकून जायची. हवालदारांनी तिला एकदाही थांबवलं नाही. माझ्याकडे मात्र रोज काहीतरी विचारायचे. पळायला जाते का, पळताना डावा गुडघा दुखतो का, बुटात बोटं पुढे टेकायला लागली का. मी उत्तरं देत गेलो. राग टिकवून धरायला लागणारी चिकाटी माझ्यात नाही.

डिसेंबरात एका रविवारी ती आपण होऊन खाली गेली. सोबत स्की होती आणि स्क्रू-ड्रायव्हर होता. "आजोबा, तुमचा तक्ता द्या," म्हणाली. त्यांनी खिशातून काढून दिला. पार्किंगमधल्या काट्यावर ती स्वतः चढली, बुटाचा तळ टेपनं मोजला, तक्त्यावर बोट ठेवून ओळ शोधली. पाच आले. मग तिनं स्की ओट्यावर आडवी ठेवली आणि म्हणाली, "धरा."

त्यांनी दोन्ही हातांनी धरली. ती स्क्रू फिरवायला लागली. खिडकीतला आकडा चारावरून पुढे सरकला तसे हवालदार हलक्या आवाजात म्हणाले, "आर्धा कमी ठेव ना, पोरी."

"नाही."

"माझ्यासाठी ठेव."

"नाही, आजोबा. पाच म्हणजे पाच."

त्यांच्या हातांच्या शिरा वर आल्या होत्या, पण त्यांनी स्की हलू दिली नाही. चारही स्क्रू होईपर्यंत ते तसेच धरून बसले. ती गेल्यावर त्यांनी काकूंकडे पाणी मागितलं आणि ते न पिताच पेला खाली ठेवला.

जानेवारीत सानिका पुन्हा निवडीला गेली, ते चार दिवस हवालदारांनी आमच्या घरात काढले. चहा घ्यायचे, पेपर उलटसुलट करायचे, फोन वाजला की माझ्याकडे बघायचे. ऑफिसचा फोन असला की परत पेपर. निवडीच्या दिवशी दुपारी सानिकाचा फोन आला. तिसरी आली होती, संघात होती. माझी बायको ओरडलीच. हवालदारांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं.

"पडली का, ते इचारा."

मी विचारलं. सरावात दोनदा पडले, ती म्हणाली, एकदा चांगलीच जोरात.

"सुटली का?"

"दोन्हीदा सुटली म्हणते," मी सांगितलं. "आणि शर्यतीत दोन्ही फेऱ्यांना टिकली."

हवालदारांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग शर्टाच्या आतल्या खिशावर हात ठेवून, माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे, असं म्हणाले, "त्या पोराला एक जास्त दिला. हिला एक कमी. आन् तक्ता समदा वकुत हितं हुता." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही, बहुधा त्यांना कळलंही नसावं.

फोन चालूच होता. सानिकानं विचारलं, "आजोबा आहेत का तिथे? त्यांना द्या." मी फोन त्यांच्या कानाला लावला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. हवालदार नुसते "व्हय, व्हय" करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुझं माप बरोबर हुतं, पोरी. माझं चुकलं."