महापुरानंतरच्या माशा आणि कडुनिंबाचे पाणी

महापूर ओसरल्यावर आम्ही नृसिंहवाडीजवळच्या आमच्या घरी परतलो, तेव्हा उंबऱ्यापर्यंत गाळ होता... आणि माशा तर इतक्या, की भाकरीसुद्धा झाकून खावी लागे.

गाळ काढताना आमच्या सौभाग्यवतींचा पाय बोटांपाशी पत्र्याने कापला. त्यांना साखरेचा विकार. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या व बजावले, की माशा मेलेल्या जनावरांवर बसून तेच रोगजंतू इकडे आणतात. जखमेवर एकही बसता कामा नये.

कडुनिंबाचा पाला उकळून, गाळून, गार केलेल्या पाण्याने जखम धुतली तर चालेल काय, असे मी विचारले. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, परंतु जनावरांच्या जखमा मी आयुष्यभर अशाच राखल्या आहेत. "चालेल आबा, पण गोळ्या चुकवायच्या न्हाईत," डॉक्टर म्हणाले.

पाणी तयार झाले... परंतु सौभाग्यवतींनी पाय लुगड्यात ओढून घेतला. "तुमी माज्या पायाला हात लावायचा? हे पाप कुठं फेडू?"

मग त्या स्वतःच आतल्या अंधारात कसेबसे धूत राहिल्या. वाकणे जमत नव्हते, पट्टी सैल राही, माशा आत शिरत... जखम चिघळली. आता उतार पडला नाही तर दोन बोटे काढावी लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी सौभाग्यवतींना अंगणात उजेडाला खाटेवर बसवले, स्वतः पाट घेतला आणि त्यांचा पाय मांडीवर ठेवला. शेजारचा बापू कुंपणावरून ओरडला, "काय आबा, पाद्यपूजा व्हय?" मी पाल्याचे पाणी जखमेवर ओतत राहिलो. सौभाग्यवती मात्र हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या.

त्यानंतर रोज तेच. दिवसभर गाळ उपसून कंबर मोडलेली... पाटावरून उठताना खाटेचा खूर धरावा लागे. गोळ्यांनी आतून काम केले, पाल्याच्या पाण्याने व घट्ट पट्टीने बाहेरून राखण केली. एका सकाळी डॉक्टर पाहून गेले. बोटे वाचली होती.

मी पट्टी बांधून उठू लागलो, तोच खाटेवरून आवाज आला, "आनि ह्या दुसऱ्या पायानं काय घोडं मारलंय?"

आयुष्यभर त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितले नव्हते. गुडघे नको म्हणत होते... तरीही मी पुन्हा पाटावर बसलो. त्यांनी मागितले, हे त्यांचे माझ्यावर उपकारच.